सांडव्यावरची वाट

शिमगा होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी नवाच्या सुमाराला चंदा मेंढरांच्या मागं तळ्याकडं चालली होती. सांडव्यावरच्या फरशीवर तिनं पाय ठेवला आणि फरशीचा वीतभर तुकडा खाली गेला. त्याच्यासोबत तिचा डावा पायही मांडीपर्यंत आत गेला. आतल्या गंजक्या सळईनं पोटरी उभी फाडली. मेंढरं आपली शहाणी, ती कडेकडेनं निघून पाण्यावर गेली. माणूस तेवढं तिथं अडकून बसलं.

तिचा नवरा बिरदेव पुढं होता. तो पळत आला आणि त्यानं तिला काखेत धरून वर ओढली. तोवर कासाबाई, म्हणजे तिची सासू, मागनं पोचली. तिनं आरडाओरडा केला नाही. पदर फाडून पोटरी करकचून बांधली आणि म्हणाली, "वालूरला ने. मेंढराकडं मी बघते."

दवाखान्यात नऊ टाके पडले. चंदा परत आली, बाजेवर टेकली आणि पहिलं काय विचारलं तर, "आत्याबाई, मेंढरं पाजली का?"

"पाजली. तू गप पड."

उमाजी, कासाबाईचा मालक, उंबऱ्यात बसून सूत कातत होता. हा माणूस कुणाशी भांडला असं वस्तीवर कुणालाच आठवत नाही. अंगावर बैल आला तरी बाजूला सरकून त्याला वाट देईल.

"फरशी टाळून खालून उतरावं," तो म्हणाला.

"खाली निस्ते दगड हायत. गाभन मेंढी घसरली तर?" कासाबाई म्हणाली.

"मंग?"

"मंग सांगायचं. सांगितल्याबिगर कुनाला कळनार?"

कासाबाईचं हे लाडकं वाक्य. जगात वाईट माणसं कमी आणि माहीत नसलेली जास्त, असं तिचं ठाम मत होतं. साठीला आली तरी हे मत तिनं कसं टिकवलं, देव जाणे.

ही वाट जुनी. धनगरवस्तीपासून गायरानातून तळ्याच्या पाळूवर, मग सांडवा ओलांडून पाण्यापर्यंत. वस्तीवरची अकरा घरं, त्यांची चार-पाचशे मेंढरं, सगळी तिनंच जाणार-येणार. दुसरा रस्ता म्हणजे देवगाव फाट्याकडं जाणारी सडक. तिकडून तळ्याला वळसा घालून जायला पाऊण तास, आणि सडकेवर डंपर कसे पळतात ते ज्याला मेंढरं हाकायचीत त्यानंच बघावं.

चार वर्षांपूर्वी गायरानात गावानं झाडं लावली आणि त्याला उद्यान म्हणायला लागले. सिमेंटचे बाक आले, झाडांना नावाच्या पत्र्याच्या पाट्या आल्या, आणि त्या जुन्या वाटेवरच मुरूम टाकून फिरायचा रस्ता झाला. सकाळी गावातली दहा-बारा पोट सुटलेली माणसं हात हलवत फिरायची. ती मेंढरांना वाट द्यायची, मेंढरं त्यांना. फरशीला तडा गेलेला त्यांनीही वर्षभर पाहिला होता. ओलांडून पुढं जायची. तडा ओलांडला की तो मागं राहतो, आणि मागं राहिलेलं कोण बघतंय?

बिरदेवनं फोनवर तक्रार टाकली. भोकाचा फोटो, चंदाच्या टाक्यांचा फोटो, खाली दोन ओळी. लगेच तक्रारीचा क्रमांक आला. कासाबाईनं तो दोनदा वाचायला लावला. आठ दिवसांनी निरोप आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. घरातली सगळी जाऊन बघून आली. भोक होतं तसंच होतं, फक्त त्यात कुणीतरी बाभळीची फांदी खोचली होती. बिरदेवनं पुन्हा टाकली, तर ती संबंधित विभागाकडं वर्ग झाली. तिसऱ्या वेळेला काहीच आलं नाही.

मग कासाबाई ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेविका प्रियांका मॅडम आठवड्यातून दोन दिवस सेलूहून यायच्या. बाई बोलायला सरळ.

"काकू, फोटोवर मला पैसे टाकता येत नाहीत. ती वाट वापरणाऱ्या सगळ्यांचा अर्ज आणा, सह्यांसकट. मग ठराव घेते."

"अर्ज लिवनार कोन?"

"लिहिणारे काय, गावात अनंतराव गुरुजी आहेत की. उद्यान समितीचे अध्यक्षच ते."

कासाबाईच्या मनात तेच होतं. अनंतराव गुरुजी म्हणजे गावाचं अक्षर. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, उरलेल्या निम्म्याचे अर्ज लिहिले. आणि कासाबाईचं त्यांच्या घराशी नुसतं ओळखीचं नातं नव्हतं. त्यांची नात मैथिली सातव्या महिन्यात जन्मली, आईला दूध नव्हतं, तेव्हा पाच महिने रोज दोन वेळा शेळीचं दूध घेऊन ही बाई गेली होती. पैशाचं नाव काढलं तेव्हा रागावून परत आली होती. दर उन्हाळ्यात गुरुजींच्या शेतात पहिली मेंढरं बसायची ती उमाजीची. वाघर लावून, जाळ्याच्या त्या कुंपणात रानभर खत पाडून, मग दुसऱ्याच्या रानात.

गुरुजी पडवीत पेपर वाचत होते. त्यांची बायको विमलताई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. चंदाच्या पायाची चौकशी केली, मान हलवली, चष्मा काढून पुसला.

"कासाबाई, असं करा. एका कोऱ्या कागदावर खालच्या अंगाला सगळ्या घरांच्या सह्या, अंगठे घेऊन या. वर मी सावकाश, व्यवस्थित लिहितो. कायद्याची भाषा लागते त्याला."

"तुमी लिवा काय लिवायचं ते. आमाला त्यातलं काय कळतंय."

विमलताई उठल्या. त्यांनी कासाबाईला आतून कपभर चहा आणून दिला, आणि गुरुजींनी दिलेला कागद चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

वस्तीवर त्या कागदावरून थोडी कुरबुर झालीच. केशरबाई म्हणून एक म्हातारी आहे, कासाबाईची चुलत जाऊ. जिभेला हाड नाही, पण डोळा घारीचा.

"वर काय लिवनार हाय?" तिनं विचारलं.

"फरशी नीट करा म्हनून."

"मंग ते लिवून आन. मंग देते अंगठा."

"गुरुजीवर शक घ्यायलीस व्हय?"

"गुरुजीवर न्हाई, कागदावर घ्यायले. कोरा कागद म्हंजी उघडं दार."

कासाबाईला ते लागलं. अकरा माणसांपुढं तिच्या शब्दाला कुणी वजन दिलं नाही असं तिला वाटलं. ती उठली, देव्हाऱ्यातनं बिरोबाचा भंडारा मुठीत घेऊन आली, आणि ती पिवळी मूठ केशरबाईपुढं धरली.

"ह्यो उचल. म्या बी उचलते. ह्या कागदावर ज्यानं अंगठा दिला त्यो मागं फिरनार न्हाई आन् गुरुजी बी आपल्याला सोडनार न्हाईत. मंग झालं?"

भंडारा पुढं आला की धनगराचं बोलणं थांबतं. केशरबाईनं चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि अंगठा दिला. तिच्या मागं दहाही घरांनी दिला. कुणी सही केली, कुणी अंगठा. कागदाच्या कोपऱ्यावर हळदीची बोटं उठली. दुसऱ्या दिवशी कासाबाई तो कागद गुरुजींच्या हातात देऊन आली. घरी येऊन ती चंदाला म्हणाली, "आता पंधरा दिवसात बघ."

आणि खरंच पंधरा दिवसांत झालं. गुत्तेदाराची माणसं आली, सिमेंट आलं, खडी आली. जुनी फरशी फोडून नवा स्लॅब पडला. दोन्ही अंगाला लोखंडी कठडा, त्याला हिरवा रंग. बिरदेव रोज बघून यायचा आणि रात्री जेवताना सांगायचा. कासाबाईच्या तोंडावर तेव्हा जे समाधान होतं ते अजून आठवतं. काम होईपर्यंत मेंढरं सडकेनं न्यायची, पंधरा दिवसांचा तर प्रश्न, असं तीच सगळ्यांना सांगत होती.

काम संपल्याच्या दुसऱ्या सकाळी उमाजी आणि बिरदेव मेंढरं घेऊन पाळूला लागले. वाटेच्या तोंडाला लोखंडी फाटक होतं. फाटकाला कुलूप. कडेला माणसापुरती आडवी-तिडवी फट, ज्यातून माणूस वळून जाऊ शकतो, मेंढरू नाही. वर पाटी. बिरदेवनं वाचली: सुरक्षेच्या कारणास्तव जनावरांना या मार्गावर कायमची बंदी.

मेंढरं फाटकाला तोंडं लावून उभी राहिली. पाण्याचा वास त्यांना येत होता. पुढच्या मेंढ्यांनी शिंगं आपटली, मागच्या अंगावर चढल्या, कोकरं खाली ओरडायला लागली. पाऊण तास उमाजी त्यांना मागं वळवत होता. चालायला आलेला एक जण फटीतून निघताना म्हणाला, "अहो मामा, तुमीच अर्ज दिलाय ना? मग आता काय?"

कासाबाई तशीच ग्रामपंचायतीत गेली. प्रियांका मॅडमनी फाईल काढली आणि तिला वाचून दाखवली. अक्षर गुरुजींचं, ठळक, सुबक, शिरोरेघ सरळ. अर्जात असं होतं, की आम्ही खाली सह्या करणारे या वाटेचे पारंपरिक वापरकर्ते असून, ही वाट जनावरे नेण्यास धोकादायक असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे, आमच्या घरातील स्त्रीस इजाही झाली आहे, तरी सदर वाटेवरील आमची वहिवाट आम्ही स्वखुशीने सोडत असून ती जनावरांसाठी कायमची बंद करावी. खाली अकरा खुणा. कोपऱ्यावर हळदीची बोटं.

"म्या असं सांगितलं नव्हतं," कासाबाई म्हणाली.

मॅडमनी फाईल मिटली. "काकू, जुनी वहिवाट पंचायतीला बंद करता येत नव्हती. वापरणाऱ्यांनीच लिहून दिल्याशिवाय. चार वर्षं समितीचं घोडं तिथंच अडलं होतं."

चार वर्षं. म्हणजे फरशी फुटायच्या आधीपासून. चंदाचा पाय नुसता निमित्ताला मिळाला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते सुद्धा इतक्या सुंदर अक्षरात.

"आता काय करावं, मॅडम?"

"पुढच्या मंगळवारी उद्यानाची तपासणी आहे. सुंदर उद्यानाच्या स्पर्धेसाठी वरून साहेब येणार आहेत. तेव्हा हरकत सांगा. अर्ज आमचा नाही म्हणा. मी नोंद घेईन. पण सगळ्यांनी म्हणा."

सगळ्यांनी म्हणा. कासाबाई संध्याकाळी घरोघर फिरली, आणि दहाही दारांतून एकच उत्तर घेऊन आली. भंडारा उचलून दिलेला अंगठा आपला नाही असं कसं म्हणायचं? मागं फिरणार नाही हे बोल तिनंच तर घालून दिले होते. केशरबाई दारातच बसली होती. ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "तुजी चूक न्हाई गं. पर माज्या नातवंडायवर देवाचं आनू नगंस."

उमाजीचंही तेच. "न्हाई म्हनलं तर देव खोटा. व्हय म्हनलं तर पानी गेलं. पानी गेलेलं बरं."

"बरं काय त्यात? रोज सडकंनं मेंढरं न्यायची?"

"नेऊ की."

चंदा बाजेवरून ऐकत होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "आपन काय मागितलं ते तर खरं हाय ना? तेवढंच सांगा साहेबाला. अंगठा आमचा, लिवनं आमचं न्हाई. त्यात खोटं काय?"

कासाबाईनं सुनेकडं बघितलं. शब्द साधे होते आणि ते तिच्या मनात बसले.

पण आधी ती गुरुजींकडं गेली. भांडायला नाही. अजूनही तिला वाटत होतं, काहीतरी चुकून झालं असेल. माणसाला असं वाटतं, आणि त्यातच त्याचं नुकसान असतं. गुरुजी पडवीतच होते, विमलताई त्यांच्या शेजारी.

"गुरुजी, आमी फरशी नीट करा म्हनलो हुतो."

"झाली की नीट."

"वाट गेली आमची."

गुरुजींनी नजर चुकवली नाही, हे कबूल करायला पाहिजे. "कासाबाई, चार वर्षं मी या झाडांना कळशीनं पाणी घातलंय. या वयात. दर साली तुमच्या वस्तीच्या मेंढरांनी दोनशे रोपं खाल्ली. मी एकदा तरी बोललो का?"

"बोलायचं हुतं की. वाटंच्या दोनी अंगाला वाघर लावली असती आमी. एक पान तुटलं नसतं."

गुरुजींना हे कधी सुचलंच नव्हतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. क्षणभरच.

"मंग अंगठे घ्यायच्या आदी लिवून, वाचून का न्हाई दाखवलं?"

"दाखवलं असतं तर दिला असता का तुम्ही?" गुरुजी म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "माझ्या विहिरीवर आणत जा मेंढरं. दोन वेळा पाजा. मी काय नाही म्हणतोय?"

"तळ्यावर कुनाला इचारावं लागत नव्हतं," कासाबाई म्हणाली.

विमलताईंचे हात सुपात थांबले होते. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मंगळवारी उद्यानात मांडव पडला. आदल्या दिवशी समितीचा बिरदेवला फोन आला होता, की आईला घेऊन ये, जागरूक नागरिक म्हणून सत्कार आहे. स्पर्धेत लोकसहभागाला वेगळे गुण असतात म्हणे. बिरदेव जाऊ नको म्हणत होता. कासाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं. "सत्काराला न्हाई जायले. साहेबाला सांगाया जायले." वस्तीवरची सगळीच आली आणि मांडवाच्या कडेला उन्हात उभी राहिली. येताना सगळे नव्या स्लॅबवरून आले. उमाजीनं मधोमध थांबून टाच दोनदा जोरात आपटली. "मजबूत केलाय," तो म्हणाला. त्याला खरोखर तसंच म्हणायचं होतं.

साहेब मोठे हसतमुख. त्यांनी झाडं बघितली, कठड्याला हात लावला, फोटो काढून घेतले. गुरुजी बोलले ते चांगलं बोलले. धोक्याची जागा सामान्य माणसांनी वेळेत कळवली आणि जबाबदारी ओळखून आपला हक्क स्वतःहून सोडला, असं गाव दुसरं दाखवा, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मग कासाबाईचं नाव पुकारलं.

ती वर गेली. माईक पुढं आला तर ती मागं सरकली आणि साहेबांकडंच तोंड करून बोलली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"सायेब, अंगठे आमचेच हायत. त्याला न्हाई म्हनत न्हाई. पर आमी फरशी नीट करा म्हनलो हुतो. वाट बंद करा म्हनलो नव्हतो. कागद कोरा हुता."

प्रियांका मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त ते आता गुरुजींकडं वळलं. "कोरा?"

गुरुजी उठले. हळू, वडीलकीनं, वर्गात चुकलेल्या पोराजवळ जावं तसे ते कासाबाईजवळ आले.

"कासाबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुम्हाला अर्ज दोनदा वाचून दाखवला होता. आमच्या पडवीत. विसरलात का?"

बस, एवढंच. मांडवात बसलेल्या निम्म्या माणसांना ह्याच आवाजानं कधीतरी पाढे म्हणायला लावले होते. मागं कुणीतरी हसलं. "वय झालंय मावशीचं," एक जण म्हणाला, चांगल्या मनानंच. प्रियांका मॅडम पेन हातात धरून बसल्या. कासाबाईनं वस्तीच्या माणसांकडं बघितलं. ती सगळी जमिनीकडं बघत होती. उमाजी सुद्धा.

मग तिनं विमलताईंकडं बघितलं. पडवीत त्या कागद देतानाही होत्या, नंतर कासाबाई विचारायला गेली तेव्हाही. कोरा कागद त्यांनी आपल्या हातानं पिशवीत घातला होता. मांडवात एवढी माणसं होती, पण पडवीत काही वाचून दाखवलं नव्हतं हे ठाऊक असलेलं तिसरं माणूस ते एकच होतं.

"चला, सत्कार उरकून घेऊ," साहेब म्हणाले. "ताई, तुमच्या हस्ते."

विमलताई उठल्या. त्यांनी घडी मोडून शाल उघडली आणि कासाबाईच्या खांद्यावर टाकली. पुढं घेऊन दोन्ही पदर नीट जुळवायला लागल्या. त्यांची बोटं गार होती. एवढ्या जवळून त्यांना कासाबाईकडं न बघता ते करणं अवघड होतं, तरी त्यांनी बघितलं नाही.

"ताई," कासाबाई हळू आवाजात म्हणाली, "तुमी तर हुतात घरी."

विमलताईंनी शालीची शेवटची सुरकुती हातानं सारखी केली.

"पुढं बघा, कासाबाई," त्या म्हणाल्या. "फोटो काढायलेत."

कासाबाईनं पुढं बघितलं.